अध्यक्ष आणि कामचोर चार्जर

अध्यक्षांना कुणीच निवडून दिलं नव्हतं. विहाराचा स्पीकर त्यांच्या घरी असायचा, एवढ्यावर ते अध्यक्ष झाले. वर्षावासात, पावसाळ्याचे तीन महिने, आमच्याकडं रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. वाचायचे मी. चौथीपर्यंत शिकले, पण वाचायला अडखळत नाही. आवाज मात्र बारीक, म्हणून स्पीकर लागायचा. तो खांद्यावर घेऊन अध्यक्ष असे यायचे, जणू ग्रंथ त्यांनीच लिहिलाय.

स्पीकर ते दिवसरात्र चार्जिंगला लावून ठेवायचे. खोक्यावर तळहात ठेवून म्हणायचे, "गरम हाय, म्हंजी पोट भरलंय." म्हशीबद्दल बोलावं तसं. बॅटरी दर वर्षी मरायची आणि दर वर्षी कंपनी चोर ठरायची.

गेल्या वर्षी नवी बॅटरी बसवली, तेव्हा माझ्या मुलीनं उमरग्याहून स्मार्ट चार्जर आणला. अध्यक्षांना म्हणाली, "आबा, बॅटरी भरली की हा आपोआप थांबतो. भरल्यावरबी वीज कोंबत राह्यलं की बॅटरी आतून तापती, फुगती. ह्यानं लई दिवस टिकंल."

"आता चार्जरबी साळा शिकला व्हय गं?" अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. मीही खाली बघून हसले. त्याची अजून लाज वाटते.

काही दिवसांनी त्यांच्या घरी गेले, तर स्पीकरला जुनाच चार्जर लावलेला, नवा खुंटीला टांगलेला. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाले, "ते कामचोर हाय. दुपारीच हिरवा दिवा लावून मोकळं हुतंय. ह्यो बघ, कसा दिवसभर राबतोय." जन्मभर दुसऱ्याच्या राबण्यावर देखरेख केलेला माणूस चार्जरवरही तेच करत होता. हिरवा दिवा म्हणजे काम झालं, एवढं मनातच ठेवून मी घरी आले.

यंदा वाचनाच्या समाप्तीच्या दिवशी विहार भरलेला. दुसरंच पान चालू होतं आणि स्पीकर बंद पडला. खोलून बघितलं तर बॅटरीच्या दोन्ही बाजू टम्म फुगलेल्या. अध्यक्षांनी सगळ्यांदेखत मलाच झापलं, "बाईला माईक धरता येत न्हाय! दे हिकडं ती पोथी, माझी सून वाचंल. तिचा आवाज तरी हाय."

त्यांनी ग्रंथाला हात घातला. मी सोडला नाही. नुसता धरून ठेवला. त्यांनी ओढला, मी आणखी घट्ट धरला. मागून एक म्हातारी ओरडली, "सोडा की आबा! आमी फुडं सरकतो." बायका सरकत सरकत माझ्या गुडघ्यापर्यंत आल्या. उरलेलं सगळं मी तसंच, स्पीकरशिवाय वाचलं.

तेव्हापासून अध्यक्ष विहारात येत नाहीत. स्पीकर माझ्या घरी असतो. लोक म्हणतात, वडीलधारा माणूस रुसलाय, तूच जाऊन समजूत काढ.

त्यांचं घर माझ्या घरापासून चौथं. मी अजून गेलेली नाही.