घरामागे एक माणूस

मी राहते रोह्याला लागून वरशाला, आणि शिकवते पेणच्या खारेपाटात, माझ्या माहेरच्या गावी. वरशाला बघावं तेव्हा नवी इमारत उभी राहतेय. राहायला येणारे कुठले म्हणाल, तर बरेचसे आमच्यासारखेच, खाडीकाठ सोडून आलेले. गाव मात्र रिकामं झालंय. तिथली घरं मोजायचं सरकारी काम माझ्याच गळ्यात पडलं होतं, म्हणून एवढ्या खात्रीनं सांगते.

मोजायला गेले तर कुलूपबंद घरांच्या शेजारणी हटूनच बसल्या. "लिही गो सगळ्यांची नावं. गणपतीला येतात ना!" बाबा तर माझ्यावरच तापले, का तर कैक वर्षं पनवेलला राहणाऱ्या भावाचं नाव मी गाळलं. "त्याचं घर ह्ये हाय. बांधावर उद्या माझ्यामागं कोण उभा राहील? तू?"

आमची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. खाडी आणि भात यांच्यामध्ये फक्त मातीचा बांध. उधाणात तो फुटला, म्हणजे खांड गेली, की ओहोटी लागताच घरामागे एक माणूस बांधावर हजर पाहिजे. तिथं एकेका घराच्या नावानं हाक मारतात. ज्या घरातून 'हाय' येत नाही, त्या घराला वर्षभर टोमणे. आमचं घर कधी चुकलं नव्हतं आणि बाबांना त्याचा चांगलाच ताठा होता. शेवटी मी भावाचं नाव लिहिलं. बाकीच्यांचीही लिहिली. मास्तरीण असून धडधडीत खोटं लिहिलं.

यंदा श्रावणातल्या उधाणात खांड गेली. बाबा खुब्याचं हाड मोडून खाटेवर. भावाला फोन केला तर म्हणतो, "ताई, आजच्या आज सुट्टी कोण देतंय? जेसीबी लावा ना." त्या चिखलात जेसीबीच रुतून बसेल, एवढंही गाढवाला आठवेना.

दुपारी शाळा सुटल्यावर मीच ओढणी कमरेला बांधून गेले. माझ्या कागदावर भरलेलं गाव, आणि बांधावर जेमतेम वीस माणसं, तीही बहुतेक पिकल्या केसांची. कागद लिहिणारी मी, तोंड कुणाला दाखवणार? आमच्या घराची हाक आली. मी म्हटलं, "हाय."

हाक मारणारे काका थांबले. "पोरी, तू आता वरशाची. हात लाव, नाय कोण म्हणत? पण तुझ्यावर घर हजर धरता येत नाय."

असा संताप आला! हातातला चिखलाचा गोळा त्यांच्या पायाशी आपटावासा वाटला. पण पाणी थांबणार नव्हतं, म्हणून तो पुढच्याच्या हातात दिला. माणसं कमी पडली. खांड अर्धी बुजली तोवर भरती लागली आणि खारं पाणी आमच्या लावणीवरून पसरत गेलं.

घरी आले तर बाबांनी शेताचं विचारलंच नाही.

"आपलं घर धरलं?"

"धरलं."

"पोरगा आलता?"

"आला होता. लगेच गेला, शिफ्ट होती."

बाबांनी माझे हात पाहिले. मग उशाजवळचा पंचा पुढे करत म्हणाले, "मग तुझ्या हातांना चिखल कसला गो?"