साडूचा आयबिस

माझ्या साडूइतका निरुपयोगी उद्योग इतकं मन लावून करणारा माणूस अख्ख्या ऑस्ट्रेलियात सापडायचा नाही. पॅरामॅटातल्या नोकरीतून रिटायर झाल्यावर आम्ही बाकीचे नातवंडांना स्विमिंगला नेऊ लागलो. हा केलीव्हिलच्या आपल्या गॅरेजमध्ये जपानी पद्धतीनं रेशमावर चित्र काढायला बसला. नवी गाडी बाहेर गारांचा मार खायची आणि आत चौकटीवर ताणलेलं हातभर रेशीम ऐटीत राहायचं. त्याला आधी तुरटी आणि सरसाचं पाणी पाजायचं, नाहीतर रंग पसरतो म्हणे. मग शिंपल्यांची पांढरी पूड सरसात बोटांनी मळायची. सरस गरम पाण्यात भांडं ठेवून नुसता कोमट करायचा, उकळला की चिकटपणा गेला. मी गेलो की चहा उकळून उकळून काळा व्हायचा, सरस मात्र कधी उकळला नाही.

एवढं करून काढलं काय, तर आयबिस. कचऱ्याच्या डब्यात चोच घालणारा, पोरं ज्याला बिन चिकन, म्हणजे कचराकोंबडी म्हणतात तो पक्षी. त्याचा पांढरा रंगही रेशमाच्या मागच्या बाजूनं लावलेला.

‘मागून कोण बघणार आहे रे?’ मी विचारलं.

‘कोणी नाही. पण पुढून उजेड दिसतो.’

‘मग ट्यूबलाइट लाव की.’

अशीच टिंगल करता करता मी मेहुणीला सांगून टाकलं, की सरस जनावराच्या कातड्याचा असतो. श्रावण होता, आणि देवघर गॅरेजच्या भिंतीला लागून. ‘बरं झालं भाऊजी, तुम्ही बोललात,’ ती म्हणाली. सरस घराबाहेर गेला. चित्राची पुढची बाजू साडूनं मुकाट्यानं लाडवांच्या डिंकात रंगवली.

गणपतीत पेंडल हिलच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर त्यानं चौकटीवरून काढलेल्या चित्राची गुंडाळी उलगडली. वाळून कडक झालेला डिंक तडकला आणि चोच, पाय, निळं पाणी रांगोळीसारखं खाली सांडलं. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. मेहुणीचा चेहरा पडला. साडू म्हणाला, ‘नो वरीज. सरस पातळ झाला माझ्याकडून.’

तेव्हापासून प्रत्येक पार्टीत हा किस्सा मीच मीठमसाला लावून सांगत आलो. त्यात डिंक कधी आला नाही, माझी चुगली तर नाहीच. म्हणून आता लिहून ठेवतो : त्याचा सरस पातळ नव्हता. चारचौघांत बायकोला मान खाली घालावी लागू नये, म्हणून तो खोटं बोलला. त्यात मीही वाचलो.

आता त्याच्या हाताला कंप आहे, ब्रश धरवत नाही. परवा गेलो तर ते चित्र खिडकीत टांगलेलं. चोच नाही, पाय नाहीत. मागून सरसात लावलेला पांढरा तेवढा जिथल्या तिथे. बाहेर ऊन उतरत होतं आणि तो बिनचोचीचा पक्षी आतून उजळला होता. आम्ही दोघे बघत बसलो.

‘दिवा लावू का?’ मेहुणीनं आतून विचारलं.

‘नको,’ मी म्हणालो.