काणा परत येतो तो अंक

भाऊ गेल्यावर बिडकीनला त्याच्या पुण्यानुमोदनाला जेवढी माणसं आली तेवढी त्याच्या लग्नालाही नव्हती. भंतेजींनी वंदना घेतली, मेणबत्त्या लागल्या, कंपनीतले दोघं त्याच्याबद्दल चांगलं बोलले. मी पांढरी साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसले होते आणि पुढच्या माणसाच्या सदऱ्यावरचा डाग बघत होते. डाळीचा असावा. मला रडू येत नव्हतं. खरं सांगायचं तर काहीच येत नव्हतं.

जेवणं उरकल्यावर वहिनीनं मला मागच्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

"ताई, मी लेकाकडं चालले पुण्याला. त्याची एकच खोली हाय. अण्णाला कुठं ठिवायचं, तुमीच सांगा."

अण्णा म्हणजे आमचे वडील. वय सत्त्याहत्तर. मी त्यांच्याशी चोवीस वर्षं एक शब्द बोलले नव्हते. वहिनीला हे ठाऊक होतं, तरी तिनं विचारलं, कारण विचारायला दुसरं कोणी उरलंच नव्हतं. माझ्या पर्समध्ये एका वृद्धाश्रमाचा नंबर तयार होता. भाऊ गेला त्याच आठवड्यात मी तो मिळवला होता, यावरून माझा स्वभाव ओळखा. "संध्याकाळपर्यंत सांगते," एवढंच म्हटलं.

अण्णा उस्मानपुऱ्यातल्या एका बाइंडिंगच्या दुकानात कामाला होते. वकिलांच्या फायली, शाळांची रजिस्टरं, आणि भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या एका लायब्ररीची कॉमिक्स. कॉमिक पन्नास पोरांच्या हातांतून फिरलं की पिना निघायच्या, पानं दुमडीवर फाटून सुटी व्हायची. अण्णा ती पानं नीट लावायचे, कडेनं दाभणानं टोचायचे, दोऱ्यानं शिवायचे, खळ लावून पुठ्ठ्यात बसवायचे आणि शेवटी कडा कापायचे. त्यांना आकडे यायचे, अक्षरं नाही. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि दिवसभर पुस्तकं शिवायचे. काम झालेलं कॉमिक लायब्ररीत परत जाण्याआधी एक दिवस आमच्या घरी मुक्कामाला यायचं. धाकटा भाऊ आणि मी आळीपाळीनं मोठ्यानं वाचायचो, अण्णा भिंतीला टेकून ऐकायचे. गल्लीत फुकट कॉमिक वाचणारी आम्हीच दोघं, त्याचा तोरा आम्हाला लई होता.

शेवटी आला तो काण्याचा अंक. हिंदी कॉमिक होतं. निळ्या मुखवट्याचा उडणारा नायक, आणि त्याचा वैरी एका डोळ्याचा, म्हणून आम्ही त्याला काणा म्हणायचो. आधीच्या अंकात काणा ज्वालामुखीच्या तोंडात पडून मेला होता. तो परत येणार हे लायब्ररीच्या पाटीवर लागलं तेव्हापासून भाऊ रोज अण्णांना विचारायचा, आला का, आला का. एका संध्याकाळी अण्णांनी तो आणला आणि फळीवर ठेवला. वाचायला उशीर झाला, उद्या वाचू म्हणाले. सकाळी ते कामावर गेले आणि परत आले नाहीत. तिकडं सुरतेत त्यांनी दुसरं घर केल्याचं आम्हाला चार महिन्यांनी कळलं. मी तेव्हा सहावीत होते.

त्या चार महिन्यांत आम्ही तो अंक पाठ केला. काणा येतो, पूल उडवतो, धरण फोडतो, मोठी हाणामारी होते आणि नायक त्याला दरीत फेकून देतो. मग शेवटची दोन पानं. काणा फाटक्या कपड्यांत नायकाच्या दारात उभा. म्हणतो, मी बदललोय, आत घे. नायक त्याला आत घेतो, ताट वाढतो. तिथं अंक संपायचा. नायक मधेच बांधलेला का दिसतो आणि दरीतून काणा वर कसा आला, हे मला कळत नव्हतं. "चढून आला असंल," भाऊ म्हणायचा. त्याच्या लेखी विषय संपला होता. लायब्ररीवाला अंक मागायला दोनदा आला. ज्यानं आणला त्यालाच मागा, असं आईनं त्याला सांगितलं.

अण्णा आले ते चौदा वर्षांनी, भर दुपारी, प्लास्टिकच्या चपला घालून. दारात उभे राहिले. आईनं पाण्याचा तांब्या दिला आणि आत जाऊन तांदूळ निवडत बसली. मी म्हटलं, इथून जा. तो माझा शेवटचा शब्द. भाऊ तेव्हा तेवीस वर्षांचा, बिडकीनकडच्या एका कंपनीत नुकताच लागलेला. तो माझ्याकडं वळून म्हणाला, "अगं, काण्याला घेतलंच होतं की घरात."

तेवीस वर्षांचा बाप्या माणूस हे गंभीरपणे बोलत होता. तो अण्णांना आणि त्या अंकाला घेऊन बिडकीनला राहायला गेला. आई शेवटपर्यंत माझ्याजवळ राहिली.

सहा वर्षांपूर्वी मला गुलमंडीजवळ एका रद्दीवाल्याकडं तोच अंक सापडला. कोरा म्हणावा असा. पिना जागेवर, प्रत्येक पानाखाली आकडा. मी उभ्या उभ्या वाचला. दारातला प्रसंग शेवटी नव्हताच, तो होता सातव्या-आठव्या पानावर. काणा बदललेला वगैरे काही नव्हता. घरात शिरायला थाप मारत होता. जेवला, आणि पुढच्या पानावर ज्यानं वाढलं त्यालाच बांधून ठेवून पूल उडवायला निघाला. म्हणून तर ती हाणामारी. शेवटच्या पानावर दरी, आणि अगदी खालच्या कडेला समाप्त. आमच्या अंकात पानंच उलटसुलट लागली होती.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. अंक घेतला आणि त्या रविवारी बिडकीन गाठलं, भावाच्या पुढ्यात टाकायचा म्हणून. तो ओट्यावर बसून अण्णांच्या पायाची नखं कापत होता. अण्णांचा पाय त्याच्या मांडीवर होता. मी चहा पिऊन परत आले. अंक साड्यांखाली पडून राहिला. पुण्यानुमोदनाला निघताना तो पिशवीत का टाकला, ते सांगता येणार नाही. बहुधा भावाच्या फोटोपुढं ठेवावा असं वाटलं असेल.

वहिनीशी बोलून मी बाहेर आले तेव्हा अण्णा त्याच ओट्यावर होते. मांडीवर तो शिवलेला अंक. कोणीतरी भावाच्या पेटीतून काढून त्यांना दिला असावा. मी शेजारी बसले. चोवीस वर्षांनी माणूस काय बोलतो? मी विचारलं, "ही पानं अशी का लावली?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. अंकाकडंच पाहत राहिले.

"शिवायच्या आधीच कापावं लागलं ते. कडा लई फाटल्या व्हत्या. नंबर कटिंगमधी गेले. मंग चित्रं बघून लावली."

"आणि हे दाराचं शेवटी?"

"भांडण झाल्यावर माणूस घरीच जातो ना. आनखी कुठं जाणार." मग शेवटचं पान उलटून म्हणाले, "त्यात काय लिव्हलंय ते मला कोणी वाचून नाय दाखवलं. पोराला इचारलं तर म्हणायचा, ताईच वाचंल."

भाऊ असं म्हणत होता हे मला माहीत नव्हतं. चोवीस वर्षं तो वाट बघत होता, आणि मला वाटायचं तो विसरला. तेव्हाही रडू आलं नाही.

मी त्यांच्या मांडीवरचा अंक घेतला आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचला. हिंदी वाक्य वाचायचं, मग मराठीत सांगायचं, पूर्वीसारखं. मंडप सोडणारी माणसं थांबून बघत होती. पूल उडाला, धरण फुटलं, काणा दरीत गेला. मग तो दारात आला. मी बदललोय, आत घे, हे मी लिहिलं होतं तसंच वाचलं. ती थाप आहे हे त्या ओट्यावर फक्त मला ठाऊक होतं.

"मंग, ठिवून घेतलं त्यानं?" अण्णांनी विचारलं.

"घेतलं."

मी त्यांना माफ केलेलं नाही. आजही नाही. आई तांदूळ निवडत बसली होती ते मला दिसतं. पण भावानं आपलं अख्खं आयुष्य त्या चुकीच्या पानावर काढलं होतं, आणि ते पान चुकीचं आहे हे त्याच्या फोटोसमोर म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी वहिनीला सांगितलं, अण्णांचे कपडे भरा. कोरा अंक पिशवीतून काढलाच नाही.

अण्णांना घेऊन मी रिक्षानं उस्मानपुऱ्याला माझ्या घरी निघाले. शिवलेला अंक त्यांच्या मांडीवर होता आणि अंगठा दोऱ्यावरून फिरत होता.

"शिलाई पक्की हाय अजून," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं.