सोडून न गेलेल्या बायका

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. ज्यांच्या हाताखाली पीएचडी केली त्या सरांना सांगायचं राहिलं, आणि आता ते हयात नाहीत. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही — एवढ्यानंच जमेल असं वाटतंय.

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते. त्यातही संशोधन पद्धती. प्रयोग कसा आखायचा, दोन गट कसे करायचे, एकाला उपाय देऊन दुसऱ्याला न देता फरक कसा बघायचा. आकडा येईल तसा लिहायचा, आपल्याला हवा तसा नाही — हेही शिकवते. दर वर्षी. आवाज हलत नाही माझा.

माझा स्वतःचा, पीएचडीचा प्रयोग झाला तो चंदगडकडच्या एका काजू कारखान्यात. काजू फोडणाऱ्या बायका, टरफलाच्या तेलानं बोटं काळी पडलेली, आणि बहुतेकींची तक्रार एकच, झोप नाही. अंग सैल सोडायच्या व्यायामाची एक टेप मी तयार केली होती. ती ऐकून झोप सुधारते हे मला दाखवायचं होतं. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. पहिल्या गटानं दर आठवड्याला टेप ऐकायची. दुसऱ्याला उपाय काहीच नाही. पण तुलना बरोबर व्हावी म्हणून त्यांनाही तेवढाच वेळ बसवायला हवं. नुसतं बसवून काय करणार? मी प्रश्नावली घेऊन बसायची. झोप लागली का? जाग कधी आली? जाग आल्यावर मनात काय होतं?

बहुतेकींना वाचता येत नव्हतं, म्हणून एकेकीला तोंडानंच विचारायची. उत्तर 'कधीच नाही' आणि 'नेहमी' यांच्यामध्ये कुठंतरी बसवायचं होतं. पण त्या कशाला बसवून घेतात? मनात काय होतं म्हटलं की मेलेली म्हैस यायची, सासऱ्याचा खोकला यायचा, बेळगावला दिलेल्या पोरीचं न आलेलं बोलावणं यायचं. मी खूण करून पुढच्या प्रश्नाकडे वळायची घाई करायची. त्या घाई करायच्या नाहीत.

त्यांच्यात जनाक्का म्हणून एक होती. नवरा गेलेली, दोन्ही लेक गोव्याला हॉटेलात कामाला. बोलणं फटकळ. एकदा माझी एसटी उशिरा पोचली. आज राहू दे, पुढच्या वेळी बघू, असं मी म्हणाले, तर दारात आडवी उभी राहिली.

"आज इचारणार न्हाईसा व्हय, बाई? आन् मी कालपास्नं ठरवून ठेवलंय की, काय काय सांगायचं ते."

मागून कुणीतरी बोललं, "बाई, बसा आता. न्हाईतर आक्का आमालाच सांगत बसंल."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मी काय ऐकलं ते मला तेव्हा कळलंच नाही. ठरवून ठेवलंय! त्या बाईला कधी कुणी विचारलंच नव्हतं, की बाई गं, झोप लागली का तुला.

शेवटी आकडे मांडले. टेप ऐकणाऱ्यांची झोप सुधारली होती. आणि ज्यांना मी काहीच दिलं नव्हतं त्यांचीही — तेवढीच. काहींची जास्त. मी बेरजा पुन्हा केल्या. चूक नव्हती. काहीच न देण्याच्या नावाखाली मी काय देऊन बसले होते? एका माणसानं दुसऱ्याला नुसतं विचारायचं, आणि समोरच्याचं इतक्या वर्षांचं जागरण उतरायचं? इतकं मोठं, इतकं साधं काही मी आयुष्यात पुन्हा पाहिलेलं नाही.

आणि मी घाबरले; दोन गटांत फरक नाही म्हणजे माझी टेप फुकट, प्रबंधही. सरांनी विचारलं, "फरक आला का?" मी म्हटलं, आला.

मग तो आणला. दुसऱ्या गटातल्या ज्या बायकांना सगळ्यात चांगली झोप लागायला लागली होती, त्या मी वगळल्या. कारण लिहिलं — मध्येच सोडून गेल्या. प्रयोगात अशी गळती होतेच, कुणी विचारत नाही. त्यातली एकही सोडून गेली नव्हती. पावसात इरली घेऊन यायच्या. जनाक्काचं नाव मी सगळ्यात आधी काढलं. डिग्री मिळाली, पुढं नोकरी मिळाली.

एवढंच असतं तरी कदाचित मी गप्प राहिले असते. पण गेल्या वर्षी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मला पाहुणी म्हणून बोलावलं. रात्रपाळीच्या कामगारांना मोबाईलवर माझीच टेप देतात. मॅनेजर कौतुकानं सांगत होता, "पूर्वी पोरांशी बोलायला एक ताई यायच्या, मॅडम. बंद केलं ते. नुसत्या बोलण्यानं काय होत न्हाय, तुमच्या प्रबंधातच हाय की."

मी चहा प्याले. शाल घेतली.

ते बोलणं माझ्यामुळं बंद झालं. मी जे डोळ्यांनी पाहिलं होतं, त्याच्या बरोबर उलटं लिहून ठेवल्यामुळं.

आणखी एक आहे. ते याहून लहान, पण तेच मला सांगता येत नाही. कारखान्यातल्या शेवटच्या दिवशी सगळ्यांना विचारून झालं, मी पिशवी भरली. जनाक्का हात पुसत आली.

"फुडल्या आठवड्याला येणार न्हवं, बाई?"

"येते की," मी म्हणाले. मोजमाप संपलं होतं. परत यायचं नाही हे बोलतानाच मला ठाऊक होतं.

"मग ऱ्हायलेलं तवाच सांगतो," ती म्हणाली, आणि कामाला गेली.

मी गेले नाही. पुढच्या आठवड्यात नाही, कधीच नाही. तिचं काय सांगायचं राहिलं होतं, ते मला माहीत नाही.