टाकी समोर, संप कोरडा

बेंगळुरूला आलेली माणसं बागा बघतात, डोसे खातात आणि ट्रॅफिकला शिव्या घालत परत जातात. मी गेल्या शनिवारी सुट्टी काढून पाण्याची टाकी बघायला गेले. हसू नका, कारण तसंच होतं. शुक्रवारी राजाजीनगरहून मावशीचा फोन आला. तीन आठवडे तिचा संप कोरडा होता. संप म्हणजे अंगणातला जमिनीखालचा हौद. इथे नळाचं पाणी आधी त्यात पडतं आणि मग मोटरने गच्चीवर चढतं. आनेकलला कारखान्यात असणाऱ्या तिच्या मुलाने, सुहासने, शेवटचं सांगितलं होतं, "टँकर किती दिवस मागवणार? महिनाअखेरीला माझ्याकडे चल, घराला कुलूप लाव." मावशी निपाणीहून लग्न होऊन या घरात आली, त्याला पन्नास वर्षं होत आली. तिला ते कुलूप नको होतं.

के. आर. पुरमहून सकाळी सहाची मेट्रो पकडली. जांभळ्या मार्गाने मॅजेस्टिक, तिथे गाडी बदलून हिरव्या मार्गाने राजाजीनगर. रिक्षापेक्षा कितीतरी स्वस्त, आणि सकाळी बसायला जागा मिळते. स्टेशनाबाहेरच्या दर्शिनीत उभ्यानेच इडली-वडा खाल्ला. सांबार गोडसर, चटणी झणझणीत. शेजारी दोन आजोबा एक कॉफी दोन पेल्यांत वाटून घेत होते. तुम्हीही मागून बघा, बाय-टू म्हणायचं.

मावशीची गल्ली चढावर आहे. समोर उतार, खाली दाट वस्ती, आणि पलीकडच्या टेकाडावर खांबांवर उभी असलेली पाण्याची भलीमोठी गोल टाकी. मावशीच्या दारातून ती अख्खी दिसते.

"ये गं. आधी स्वल्प कॉफी घे, मग भांडायला जाऊ. सरी?" मावशी पदर खोचून तयारच होती. इतक्या वर्षांत तिच्या मराठीत कन्नड मुरलंय, 'सरी' म्हणजे 'ठीक'.

तिचा हिशेब पक्का होता. शेजाऱ्याचा संप भरतो आणि तिचा नाही, म्हणजे वॉटरमन मुद्दाम करतो. वॉटरमन म्हणजे गल्लोगल्लीचे वॉल्व्ह फिरवून पाणी सोडणारा माणूस. गेल्या आठवड्यात तिने त्याला भर रस्त्यात फैलावर घेतलं होतं.

तो सकाळी टाकीपाशीच सापडतो. तिचे गुडघे दुखतात, म्हणून तिथवर रिक्षा केली. रिक्षावाल्याने न सांगता मीटर टाकला, हे मुद्दाम नोंदवून ठेवते. टाकीच्या आवारात बाहेरच्यांना सोडत नाहीत, फाटकातूनच बघावं लागतं. खाली उभं राहून वर पाहिलं की मान दुखते. फाटकापाशी तेच वॉटरमन, बसवराज, भेटले, हातात वॉल्व्ह फिरवायची माणसाएवढी लोखंडी चावी. बोलणं ऐकून मी विचारलं, तर निपाणीजवळच्या चिकोडीचे निघाले.

"तुम्ही आमच्याकडचे की!" मी म्हटलं आणि माझा अर्धा राग तिथेच गेला. मावशीचा नाही.

"एवढी उंच टाकी बांधलीय कशाला मग, शोभेला?" ती म्हणाली.

"उंच हाय म्हणून तर तुमच्यापत्तूर येतंय, अक्का. मोटर फकस्त टाकी भरायला. खाली सोडताना मोटर न्हाई. करंट गेला तरी पाणी जातंय, वरच्या पाण्याचं वजनच खालच्या पाण्याला ढकलतंय. टेकाडावर बांधली की उंची आयती मिळती. सखल जागी बांधली असती तर खांब केवढं उंच करावं लागलं असतं!"

"मग माझ्याकडे का ढकलत नाही?"

बसवराजनी चावी खांद्यावर टाकली. मग म्हणाले, "चला, घर दाखवा." ज्या बाईने चार लोकांत शिव्या दिल्या, तिच्या दारी हा माणूस स्वतःची गाडी काढून आमच्या रिक्षामागे आला.

अंगणात येताच त्यांची नजर नळावर गेली. संपात जाणारा पाइप जमिनीतून कमरेइतका वर आला होता, तिथे पितळी तोटी, आणि मग वळून खाली संपात. "हा कधी उचलला?"

दिवाळीत. मावशीकडे देवाच्या पूजेला साठवलेलं पाणी चालत नाही, थेट नळाचंच लागतं, तांब्याच्या कळशीत. वाकताना गुडघे दुखतात म्हणून सुहासनेच हौसेने पाइप उंच करून दिला होता.

शेजारी बांधकाम चालू होतं. बसवराजनी तिथल्या गवंड्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी मागून आणली, पाण्याने भरली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरलं. "ही तुमची टाकी. मधी खोलगट. हे अक्काचं घर." दोन्ही टोकांना पाणी एका पातळीत थांबलं. त्यांनी मला हात खाली घ्यायला सांगितलं, आणि मावशीच्या टोकाकडचं पाणी मुकाट खाली सरकलं. "उन्हाळ्यात टाकी निम्मीच भरती. वाटेत शंभर घरं पाणी घेत्यात, त्यात जोर जातो. तुमच्याकडं येईस्तोवर पाणी गुडघ्याएवढंच चढतंय, आणि तोटी कमरेला. शेजाऱ्याचा पाइप जमिनीतच हाय. तुमचाबी कापून खाली घ्या."

तीन आठवडे पाणी तिच्याच अंगणात, तिच्याच पाइपात येऊन उभं राहत होतं, आणि आम्ही दुसऱ्यालाच चोर ठरवत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाइप कापला तर मला परत वाकावं लागणार," मावशी म्हणाली. तिने एकदा देवघराकडे पाहिलं, एकदा समोरच्या टाकीकडे. "पाणी वर येत नाही तर मी खाली बसते. सरी. आणि बसवराज, चुकलं माझं. खूप बोलले मी तुला."

"असू द्या अक्का. पाणी आलं न्हाई की माणूस बोलणारच." त्यांनी कॉफी घेतली आणि पुढच्या गल्लीला गेले, तिथे वॉल्व्ह बंद करायची वेळ झाली होती.

त्या दिवसाचं पाणी येऊन गेलेलं होतं. प्लंबर रविवारी येणार, पुढचं पाणी सोमवारी. उपाय लागू पडेल का, हे न कळताच मी परत निघाले. घरी आले, सहाव्या मजल्यावर नळ सोडला आणि हात तसाच धारेखाली धरून उभी राहिले. कावेरीचं पाणी कुठून कुठून येऊन एवढं चढतं. वाटेत कुणीतरी रोज पहाटे उठून चाव्या फिरवतं. मी त्याचे आजवर एकदाही आभार मानले नव्हते. आता इथूनच मानते, मनापासून.

सोमवारी सकाळी पावणेसातला मावशीचा फोन. हॅलो नाही, काही नाही. नुसता खोल हौदात पाणी पडल्याचा आवाज, बराच वेळ.

"ऐकलंस?" शेवटी ती म्हणाली.

"ऐकलं गं मावशी."

"मग सुहासला तूच सांग. पाटावर बसून कळशी भरली मी. आता कुठे जायचं नाही मला."