सातवा हात

सरपंचाची खुर्ची विरोधकच ओढतात, असं वाटतं ना तुम्हाला? मग चहा घ्या आणि माझी कशी गेली ते ऐका. हसायचं तर खुशाल हसा, पण त्या सकाळी अंगावर आलेला काटा अजून पुरता बसलेला नाही!

गाव आमचं भीमेच्या काठाला, शिरूर तालुक्यात. नदीपल्याड दौंड. मी सरपंच. एके दिवशी नऊ सदस्यांतले सहा जण गायब! म्हणजे उपसरपंचानं माझ्यावर अविश्वास ठराव आणला आणि आपल्या पाच जणांना घेऊन 'सहलीला' गेला. बाई सरपंचाला उतरवायला नवातले सात लागतात. मागं राहिलो तिघं: मी, माझी चुलत जाऊ आणि आप्पा. सत्तरीतला साधा माणूस, मला सून मानणारा. तो कशाला फुटतोय?

बैठकीच्या दिवशी उजाडलं, पण दिसेना काहीच. असं धुकं, की समोरचं देऊळ गिळलं! गाव गप्प. कुत्रंसुद्धा भुंकेना. अंगण झाडणारी एक बाई मला बघून आत गेली आणि तिनं कडी लावली.

आप्पांना न्यायला गाडी घेऊन त्यांच्या वस्तीवर गेले. दार सताड उघडं. शेगडीवर उतू गेलेलं दूध, भांडं अजून गरम. उशीखाली फोन वाजतोय. चपला उंबऱ्यात. आणि माणूसच नाही!

आमच्याकडं उसात बिबट्या असतो, हे वेगळं सांगायला नको. ओल्या मातीत अनवाणी पावलं नदीकडं गेली होती. मी मागोमाग निघाले. दोन्ही बाजूंना ऊस. वारा नव्हता, तरी पानं सळसळत होती. मी थांबले की सळसळ थांबायची! देवाचं नाव घेत होते, तेही उलटसुलट.

काठावर पाण्याच्या मोटारीची खोली. आत कुणीतरी पुटपुटत होतं.

"आप्पा?"

पुटपुटणं थांबलं. मग घोगरा आवाज आला, "आप्पा हितं न्हाई."

आता सांगा, काय करायचं माणसानं? मी दार ढकललं. कोपऱ्यात आप्पा उकिडवे बसलेले. कपाळ पिवळं, उजवा तळवा पिवळाजर्द, डोळे लाल.

"आप्पा, काय झालं ओ?"

"सूनबाई, तू जा. मला न्यू नगंस."

"आवो, बैठक हाय!"

"म्हणूनच म्हणतो. ह्यो हात आता माझा ऱ्हायला न्हाई."

सहा जण नेले आणि सातव्यावर करणी केली, माझी खात्री पटली!

"तुम्हाला असं टाकून मी जायची न्हाई," म्हणत मी त्यांना दंडाला धरून ओढलं. त्यांनी पाइपाला मिठी मारली. या वयात काय जोर! कसंबसं गाडीत घातलं, हीटर लावला, अंगावर शाल टाकली.

वाटेत ते एकच बोलले, "माझ्या हातनं पाप करून घेतीयास, पोरी."

"हे तुम्ही न्हाई बोलत, आप्पा. तुमच्यातलं दुसरंच कुणीतरी बोलतंय."

ग्रामपंचायतीत ते सहा जण ओळीनं बसलेले. उपसरपंचाचं तोंड पांढरंफटक. पण मी आप्पांना घेऊन आत आले, तसे त्यानं मला चक्क हात जोडले! मला वाटलं, आला शरण!

तहसीलदार म्हणाले, "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

सहा हात वर गेले. मग माझ्या शेजारी काहीतरी हललं. शालीतून एक पिवळा तळवा हळूहळू वर येत होता. आप्पा डोळे मिटून रडत होते आणि हात आपला वर, वर, वर. मी तो खाली ओढायला गेले.

"मॅडम, हात लावू नका."

ठराव मंजूर!

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आप्पा, असं का केलंत?"

"काल सांजच्याला उपसरपंच सहलीवरनं गुपचूप वस्तीवर आला आन् खंडोबाचा भंडारा उचलायला लावला. बैठकीत बसलो तर हात वर करीन, आशी शपथ घेतली. शपथ मोडायची न्हाई आन् तुला पाडायचं बी न्हाई. मंग म्हटलं, बैठकीला जायचंच न्हाई. दुपारपत्तुर लपून ऱ्हायलो आसतो, तर तू तरली आसतीस."



आता गावाला एकच कोडं पडलंय, सातवा फोडला कुणी? उपसरपंच मिशीला पीळ देत सगळं श्रेय घेतो. मी घेऊ देते. सातवा सदस्य पाइपापासून सोडवून, शाल पांघरवून, घरपोच मीच आणून दिला, हे चारचौघांत कुठल्या तोंडानं सांगू?