डॅमेज माल

चिकू अंगठ्याने दाबून बघायची मला खोड होती. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. नुकती साठी झाली होती, म्हणजे अक्कल यायची होती.

विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळाबाहेर एक बाई बसायची. एकेक चिकू पदराने पुसून ती टोपलीत असा ठेवायची, जणू निजलेलं मूल. मी त्यातले पाच-सहा दाबून पिचवले आणि गाडीतून उतरलेल्या गिऱ्हाइकांना ऐटीत सांगितलं, "सगळा डॅमेज माल आहे हो!" मराठीत 'नासका' म्हणताना जीभ अडखळली असती; इंग्रजीत कशी तज्ज्ञ वाटले! गिऱ्हाइकं निघून गेली.

बाई भांडली नाही. पिचलेले चिकू तिने पाठमोऱ्या बसलेल्या आपल्या तरुण मुलीपुढे खायला ठेवले. मुलीने हात लावला नाही.

मी ओशाळून म्हणाले, "द्या, डॅमेज तर डॅमेज, मी घेते."

बाईने टोपलीवर फडकं ओढलं आणि हळू आवाजात म्हणाली, "नको, बाय. माझ्या पोरीला नवऱ्याने मारून मारून अशीच पिचवली, मग डॅमेज म्हणून माझ्या दारात आणून टाकली. तिच्यासमोर तेवढा शब्द नका काढू."